शाईविना छापलेली पिसं

बालदोस्तांनो, आज एक कोडं. कागद पांढरा आणि बगळाही पांढरा. मग त्याची पिसं दाखवायची कशी? "त्यात काय बाई, पेन्सिलीनं रेघा मारायच्या!" आमच्या चौथीच्या वर्गाचं उत्तर. पण रेघा मारल्या की बगळा मळकट दिसतो. काढून बघा!

जपानी कारागिरांनी यावर झकास युक्ती काढली होती. कितागावा उतामारो या चित्रकाराचं पक्ष्यांचं एक पुस्तक 1790 च्या सुमारास निघालं. त्यात एके ठिकाणी काळा पाणकावळा आणि पांढराशुभ्र बगळा आहे. बगळ्याची पिसं छापलीत, पण शाई न लावता!

ती कशी? उतामारोनं चित्र काढायचं, दुसऱ्यानं ते चेरीच्या लाकडावर कोरायचं आणि तिसऱ्यानं छापायचं. जवळजवळ प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. पिसांसाठी आणखी एक. रंग छापून झाले की हा ठोकळा कोराच ठेवायचा. त्यावर ओलसर कागद पालथा घालायचा आणि 'बारेन' नावाच्या चपट्या, गोल चकतीनं पाठीमागून दाबून घासायचा. ठोकळ्यावर जे खोलगट, ते कागदावर उठून येतं. जास्तच उठाव हवा असेल तर चक्क कोपरानं दाबायचे! कागद तुतीच्या भाऊबंदांपैकी एका झाडाच्या सालीचा, लांब धाग्यांचा, म्हणून एवढं सोसायचा. या कामाला 'काराझुरी' म्हणतात, म्हणजे रिकामी छपाई. पाकळ्या आणि बर्फही असेच उठवत. लग्नपत्रिकेवर उठावाचा गणपती असतो ना, तसंच काहीसं.

मी हे चित्र फक्त फोटोत पाहिलंय. मला वाटलं होतं, बगळ्याचं पोट नुसतं कोरं सोडलंय! समोरून उजेड पडला की उठाव दिसतच नाही. तो बाजूनं, तिरका पडायला हवा, मग एकेका पिसाला बारीक सावली येते. पुढे काही लोकांनी अशी चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून दाबून ठेवली आणि पिसं सपाट झाली. चित्रावर नाव चित्रकाराचं. कोपर दुखेपर्यंत दाबणाऱ्याचं नाव बहुधा नसतंच. मला याची चुटपुट लागते.

आता तुमचं काम. जाड ड्रॉइंग पेपरचा तुकडा ओलसर करा, पाणी गळेल इतका ओला नको. नाण्यावर ठेवा आणि चमच्याच्या पाठीनं दाबत घासा. वाळला की खिडकीशी तिरका धरून बघा. मग आजीला डोळे मिटायला सांगा आणि नुसतं बोट फिरवून नाणं किती रुपयांचं ते विचारा!