बोहारणीच्या पाटीतले वैभव

हिमायतनगरच्या मुख्य रस्त्यावरून संध्याकाळी जाताना काचेआड उभ्या असलेल्या पुतळ्यांकडे आमचे लक्ष हल्ली फार जाते. त्यांच्या अंगावर जे असते ते आम्ही ओळखतो. आजीच्या शालूचे काठ कोणाच्या तरी जाकिटाला लागलेले असतात, जुन्या पैठणीचा पदर चौकोनी कापून बटव्यावर बसवलेला असतो, आणि शेजारच्या चिठ्ठीवर ‘व्हिंटेज’ हा शब्द व छाती दडपेल अशी किंमत असते. आमचे भांडण त्या दुकानदाराशी नाही, ते आमच्या स्वतःशी आहे. हा माल त्याच्याकडे आला कोठून? बोहारणीच्या पाटीतून. आणि त्या पाटीत तो टाकला कोणी? आम्हीच.

ज्या काळात घरोघरी स्टीलची भांडी आली, त्या काळात जरीची लुगडी घागरीवर आणि डब्यांवर गेली. खऱ्या जरीत चांदी असते हे कळल्यावर काठ जाळून ती वितळवून घेणारेही दारावर आले. निजामाच्या नोकरीत असलेल्या आजोबांच्या शेरवान्या १९४८ नंतर नकोशा झाल्या, त्यांच्या उशा झाल्या. याच शहरात पुरानी हवेलीत सहावा निजाम महबूब अली खान यांचे कपाट, म्हणजे दोन मजली लाकडी दालनच, आजही जपलेले आहे. राजाचा पोशाख दौलत ठरला, कारकुनाचा चिंधी ठरला, आणि हा निवाडा कोणा परक्याने नव्हे, कारकुनाच्या नातवंडांनी दिला.

‘व्हिंटेज’ हा शब्द मुळात द्राक्षमद्याच्या व्यापारातला. अमुक मळा, अमुक साल, हे सांगता आले तरच त्याला अर्थ. पॅरिसमध्ये १९७१ साली इव्ह सां लोराँने १९४० च्या दशकातील पोशाखांवरून आपला संग्रह सादर केला. समीक्षकांनी त्याला झोडपले, तरी पुढच्या काळातील वेशभूषेवर त्याची छाप पडलीच. तेथे जुन्यातून नवे निघू शकले, कारण जुने टिकले होते आणि त्याचा काळ ओळखता येत होता. आमच्या पेटीतील लुगड्यावर कोणते साल आहे? ते येवल्याचे की पैठणचे, कोणत्या लग्नातले, कितीला घेतलेले? ज्यांना हे ठाऊक होते त्या आज्यांना आम्ही कधी विचारलेच नाही.

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडाच्या पुरुषांच्या पोशाख-प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, मुळाचा उल्लेख मात्र नव्हता. महाराष्ट्रात संताप उसळला, येथील मराठी घरांतही त्याची चर्चा झाली, आणि प्राडाला ते मूळ मान्य करावे लागले. संताप योग्यच होता. पण कारागिराचे नाव विसरणे हा जर अपराध असेल, तर तो इटलीतल्यांनी एकदा केला आणि आम्ही तीन पिढ्या करीत आलो आहोत.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो: जुने वस्त्र पेटीत कुजण्यापेक्षा कापून वापरले तर काय बिघडले? लुगडे खरोखरच विरले असेल तर काहीच बिघडले नाही. काठपदर उतरवून नव्या पोतावर लावण्याची रीत आमच्याकडे जुनीच आहे. परंतु धडधाकट पैठणीला कात्री लावणे ही वेगळी गोष्ट. पैठणीच्या पदरातील मोर व आसावली हे भरतकाम नव्हे. निरनिराळ्या रंगांचे बाणे एकमेकांत अडकवीत ती नक्षी मागावरच विणली जाते, त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो. तो कापला की धागे सुटतात, म्हणून पाठीला अस्तर लागते, आणि जे कसब पाठीमागून पाहायचे तेच कायमचे झाकले जाते.

जुने वस्त्र जगवण्याचा दुसरा मार्ग याच शहराने दाखविला आहे. सुरैया हसन बोस यांनी येथे माग बसविले, विधवा स्त्रियांना विणकाम शिकविले आणि हिमरू, मशरू व पैठणीची वीण पुन्हा चालती केली. २०२१ मध्ये त्या वारल्या. त्यांनी जुन्यावरून नवे विणून घेतले, म्हणून जुने शाबूत राहिले आणि विणणाऱ्या हातांना कामही मिळाले. ‘महानटी’ या २०१८ च्या तेलुगू चित्रपटासाठी अभिनेत्री सावित्रीच्या काळातील साड्या नव्याने घडविल्या गेल्या. त्या वेशभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याचे एक मानकरी गौरांग शाह हे याच शहरातले. जुन्याचा नव्यावरील प्रभाव म्हणतात तो हा. नमुना घरात राहतो आणि त्याची संतती बाजारात जाते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. या दिवाळीत पेट्या उघडाव्यात. प्रत्येक वस्त्राबरोबर एक कागद ठेवावा: कोणाचे, कोठले, कोणत्या वर्षीचे. जे नेसण्याजोगे आहे ते नेसावे, कारण घडीवर वर्षानुवर्षे पडलेले रेशीम घडीवरच फाटते. आणि घरात लग्न निघाले तर दुकानातल्या पुतळ्याऐवजी आजीचे लुगडे विणकरासमोर न्यावे व म्हणावे, ‘असे एक विणून द्या.’ आमच्या पूर्वजांनी परमुलखात येऊन भाषा टिकविली, असे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. त्या भाषेत काठ, पदर, घडी, ताणा, बाणा हे शब्दही आहेत. वस्त्रे गेली की काही वर्षांनी हे शब्दही जातील, आणि ते परत घ्यायला कोणतीही बोहारीण दारावर येणार नाही.