आणि इतर इतके

गेल्या उन्हाळ्यात पुष्कळ वर्षांनी आजोळी जाण्याचा योग आला. आजोळ साताऱ्याकडचे. आपल्या लष्करातील कितीतरी जुन्या घरांची मुळे त्याच बाजूस आहेत. शिंद्यांचे कण्हेरखेडही त्याच जिल्ह्यातले, हे ग्वाल्हेरकरांस सांगावयास नको. गावच्या चावडीच्या भिंतीत एक पांढऱ्या दगडाची पाटी बसविलेली आहे. लहानपणी तिच्याखाली आम्ही गोट्या खेळत असू. या खेपेस प्रथमच ती नीट वाचली. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतके इसम गेले, पैकी इतके कामी आले. बस्स, एवढाच इंग्रजी मजकूर. अशा पाट्या सरकारने त्या काळी हिंदुस्थानातील अनेक गावांस दिल्या. त्याच जिल्ह्यातील अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात पडले. तेथे स्मारक आहे आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला आहे. आमच्या गावचे आकडे मी येथे देत नाही. आकड्यांनीच तर घात केला आहे.

न परतलेल्यांतला एक आमच्या घरचा, आईच्या आजोबांचा धाकटा भाऊ. ११० व्या मराठा पलटणीत होता. मेसापोटेमियात कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी वेढा घातला, त्यात १०३, ११० व ११७ अशा तीन मराठा पलटणी सापडल्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. दाणागोटा संपला, घोडी मारून खाण्याची पाळी आली, आणि शेवटी शरणागती. आमचा माणूस त्या वेढ्यातच गेला असे घरात सांगतात.

मेसापोटेमियात पडलेल्यांचे मोठे स्मारक बसऱ्यास १९२९ साली झाले. (१९९७ साली सद्दाम हुसेन यांच्या हुकुमाने ते तेथून उचलून नासिरियाच्या वाटेवर ३२ किलोमीटरवर नेले.) त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव आहे. हिंदी अधिकाऱ्याचेही आहे. हिंदी शिपायाचे मात्र नाही. पलटणीखाली ‘आणि इतर इतके हिंदी शिपाई’ असा हिशेब मिटविलेला आहे. जागा नव्हती म्हणावे, तर फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे १९२७ सालच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे कोरलेलीच आहेत. युरोपात जे जमले ते बसऱ्यास का जमू नये? युद्धकबर आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात या पंक्तिप्रपंचाची कबुली दिली व माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

मी गाणे शिकविणारा माणूस. वडील ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत अगदी शेवटच्या वर्षांत लागले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. ते सांगत, दरबारच्या पगारपत्रकावर उस्तादाचे नाव असे तसे मागे बसून तंबोरा छेडणाऱ्याचेही असे. पगार उस्तादाच्या पासंगालाही पुरत नसे, पण नाव असे. पुकारा झाला की तो उठून पुढे येई. पलटणीतही भरतीच्या वेळी शिपायाचे नाव, बापाचे नाव, गाव, सारे लिहून घेतलेच होते. म्हणजे नाव ठाऊक नव्हते असे नाही. घेताना नावाने घेतला, परत देताना आकड्याने दिला.

कोणी म्हणेल, इंग्रजांच्या लढाईत मेलेल्यांचे एवढे कौतुक कशाला? हा प्रश्न गावात एका तरुण मास्तरांनीच मला केला. मला तो बिनतोड वाटत नाही. लढाई इंग्रजांची होती, मेलेला मुलगा गावचा होता. आणि आपण तरी काय केले? आपल्या संस्थानचे पायदळ १९१५ साली सुएझ कालव्याच्या रक्षणास उभे होते. त्यांतील एकाचे नाव आज लष्करात किती घरांत सांगता येईल? मलाही येत नाही.

जुनी पाटी काढू नये, शेजारी दुसरी बसवावी, मराठीत, नावांनिशी, एवढे माझे म्हणणे आहे. काम अवघड नाही. आयोगाच्या यादीत आता पलटण व नाव घालून शोधता येते. पुष्कळांचे बापाचे नाव आणि गावही सापडते. सरपंचांना मी तसा अर्ज देऊन आलो आहे. ते ‘बघू’ म्हणाले. गावकीत ‘बघू’चा अर्थ काय होतो ते जाणत्यांस ठाऊक आहे, दिवाळीत पुन्हा जाणार आहे.

मामीला विचारले, घरात त्याचे काही उरले आहे का. ती म्हणाली, “काही नाही रे बाबा. एक पितळी झाकण तेवढं आहे.” स्वयंपाकघरातून तिने आणून दिले ते झाकण पितळेचे नव्हते. वीतभराहून लहान अशी काशाच्या जातीची ती तबकडी, मृतांच्या घरी सरकार पाठवीत असे ती. चिंचेने घासल्यावर त्रिशूळवाली बाई व सिंह दिसू लागले, कडेने हा स्वातंत्र्य व सन्मान यांसाठी मेला अशा अर्थाची अक्षरे, आणि चौकटीत नाव. हुद्दा नाही, नुसते नाव. इंग्रजी कारकुनाने दोन अक्षरे चुकविलेली. मी ते वहीत उतरून घेतले, चूक दुरुस्त करून. मामीने तेवढ्यात दोनदा हाक मारली. दूध उघडे राहिले होते, तिला झाकण हवे होते.