टेन्शनचा बहाणा

"टेन्शन आहे रे, रिलीज झालं की सोडतो." ऑफिसखालच्या टपरीवर हे रोज ऐकतो. साफ थाप! रक्तातलं निकोटीन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं आणि जीव कासावीस व्हायला लागतो. पुढची सिगारेट फक्त तेवढंच शमवते. क्लायंटचा मेल जिथल्या तिथे. म्हणजे बग आपणच टाकायचा, आपणच फिक्स करायचा, वर स्वतःची पाठ थोपटायची! (सोडल्यावर काही आठवड्यांनी बहुतेकांचा ताण उलट कमीच होतो.)

तलफ मात्र खरी. पण ती काही मिनिटांत ओसरते हो. तेवढा वेळ जिना चढा, पाणी प्या, निकोटीनचं च्युइंगगम चघळा. १८००-११-२३५६ वर फोन करा, फुकट आहे. आणि चहा टपरीवर नको, पॅन्ट्रीतला प्या. भिकार असला तरी.