विश्लेषण : लिलावात कोणाचे नाव पुकारले जाणार, हे आधी सांगता येते का?

आयपीएलच्या लिलावाआधीचे पंधरा दिवस म्हणजे भविष्य सांगणाऱ्यांचा हंगाम. कोणता संघ कोणावर डोळा ठेवून आहे, कोणाची बोली किती कोटींवर थांबेल, याच्या याद्या सगळीकडे फिरतात. डिजिटल डेस्कवर आम्हीही त्या करतो आणि त्या भरपूर वाचल्या जातात. करमणूक म्हणून त्यात वावगे काही नाही.

पण ही भाषा आता लिलावाच्या हॉलमधून खाली मैदानात उतरली आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना 'हा आयपीएल मटेरियल आहे' असे सांगणारे भेटतात. त्या एका वाक्यावर अकादमीची वर्षाची फी भरली जाते, इंग्लिश विलोची बॅट घेतली जाते, शाळा बदलली जाते, कधी दहावी-बारावीचा अभ्यास मागे पडतो. म्हणून हा अंदाज नेमका कशाचा असतो आणि तो किती पुढपर्यंत पोहोचतो, हे पाहणे गरजेचे आहे.

'९० टक्के अचूक' म्हणजे किती अचूक?

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथे झालेल्या मोठ्या लिलावाचे आकडे घेऊ. नोंदणी १,५७४ खेळाडूंची होती, त्यात भारतीय १,१६५. शेवटी विकले गेले १८२, त्यात परदेशी ६२. म्हणजे भारतीय १२०.

आता समजा, एखाद्या प्रोग्रॅमने प्रत्येक भारतीय नावापुढे डोळे झाकून 'विकला जाणार नाही' असे लिहिले. तो १,०४५ वेळा बरोबर ठरेल. अचूकता जवळपास ९० टक्के, उपयोग शून्य. मशीन लर्निंगच्या वर्गात ही फसगत अगदी सुरुवातीलाच दाखवतात, तरीही 'आमचे मॉडेल ९० टक्के अचूक' अशा जाहिरातीला लोक भुलतात. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : जे १२० विकले गेले, त्यातले किती तुम्ही आधी सांगितले होते? आणि ज्यांची नावे तुम्ही सांगितली, त्यातले किती विकले गेले?

हेही लक्षात घ्या की ते १,१६५ म्हणजे गल्लीतून आलेली मुले नव्हेत. भारतीय खेळाडूची नोंदणी राज्य संघटनेमार्फत होते. तिथवर पोहोचलेल्यांपैकीही नऊ जण रिकाम्या हाताने परततात, तेव्हा एकाचे नाव पुकारले जाते.

मग मॉडेल नेमके काय ओळखते?

सगळ्यात आधी, लिलाव आणि 'ड्राफ्ट' यातला फरक. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये ३२ संघ ठरलेल्या क्रमाने, सात फेऱ्यांमध्ये महाविद्यालयीन खेळाडू निवडतात. बोली नसते, फक्त पाळी असते. महाविद्यालयातला प्रत्येक सामना कॅमेऱ्यावर असतो. निवडीआधी खेळाडूंची धाव, उडी, उंची, हाताच्या पंज्याची लांबीसुद्धा मोजतात. इतकी माहिती हाताशी असूनही २०२५ मध्ये कोलोराडो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक शेदूर सँडर्स, ज्याला अनेक जाणकारांनी पहिल्या फेरीत धरले होते, तो पाचव्या फेरीत १४४ व्या क्रमांकावर घेतला गेला. टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ वा होता आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. पहिली चूक खरेदीदाराच्या मनाची होती, दुसरी खेळाडूच्या गुणवत्तेची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडच्या याद्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते.

आपल्याकडेही ड्राफ्ट झालेला आहे. इंडियन सुपर लीगने जुलै २०१७ मध्ये मुंबईतच भारतीय फुटबॉलपटूंचा ड्राफ्ट घेतला होता. त्यात अनस एडाथोडिका आणि युजेनसन लिंगडोह यांची किंमत सर्वाधिक, प्रत्येकी १ कोटी १० लाख होती. पण क्रिकेट आणि कबड्डीत चालतो तो लिलाव. लिलावाचा अंदाज ड्राफ्टपेक्षा अवघड, कारण तिथे क्रमाने किंमत बदलते. नाव लवकर पुकारले गेले तर संघांची पाकिटे भरलेली असतात. तेच नाव उशिरा आले तर ज्याला तो हवा होता त्याच्याकडे पैसे उरलेले नसतात. एका यष्टिरक्षकावर दोन संघ भिडले आणि एकाला तो मिळाला, की पुढच्या यष्टिरक्षकाचा एक गिऱ्हाईक कमी होतो.

म्हणूनच लिलावाचा चांगला अंदाज बांधणारे आधी संघांच्या यादीतली रिकामी जागा पाहतात, खेळाडू नंतर. डिसेंबर २०२५ चा अबुधाबीतला छोटा लिलाव आठवा. रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेल्याने चेन्नईला डावखुऱ्या फिरकी अष्टपैलूची जागा भरायची होती. भारताकडून एकही सामना न खेळलेल्या, ३० लाख पायाभूत किंमत असलेल्या प्रशांत वीरसाठी त्यांनी १४ कोटी २० लाख मोजले. त्याच दिवशी तेवढीच रक्कम त्यांनी कार्तिक शर्मा या यष्टिरक्षक-फलंदाजावर लावली. 'डावखुरा फिरकी अष्टपैलू महाग जाईल' हे आधी सांगता येत होते. १४ कोटींचा आकडा सांगता येत नव्हता. तो दोन-तीन संघांच्या हट्टातून तयार झाला.

खेळाडू तोच, वर्ष बदलले की निकाल बदलतो, याची उदाहरणे तर लोकलच्या नकाशावरच आहेत. धारावीची सिमरन शेख २०२३ मध्ये यूपी वॉरियर्झकडे १० लाखांत गेली, त्याच वर्षाच्या शेवटी झालेल्या लिलावात तिला कोणी घेतले नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये गुजरात जायंट्सने १ कोटी ९० लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत महागडी खेळाडू ठरली. विरारचा आयुष म्हात्रे जेद्दात विकलाच गेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये ऋतुराज गायकवाड जखमी झाला, चेन्नईने आयुषला ३० लाखांत बोलावले आणि वानखेडेवर पहिल्याच सामन्यात त्याने १५ चेंडूंत ३२ धावा केल्या. दुसऱ्याचे कोपर दुखावेल, हे कोणत्या मॉडेलमध्ये बसवणार?

कल्याणचे दोन खेळाडू

५ जानेवारी २०१६. कल्याणमधील भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने नाबाद १,००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ मधील ए. ई. जे. कॉलिन्सचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. जगभर बातमी झाली. निव्वळ आकडा पाहणाऱ्या कोणत्याही मॉडेलने त्या दिवशी त्याचे नाव यादीत सर्वांत वर ठेवले असते.

पण त्याच धावफलकावर आणखी दोन आकडे होते. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला होता. गोलंदाजी किती कच्ची होती, हे त्या दोन संख्यांनीच सांगितले होते. त्यात त्या मुलाचा काय दोष? त्याने समोर आलेला चेंडू मारला, आणि तासन्‌तास मारत राहिला. दोष त्याच्यावर अपेक्षांचा डोंगर ठेवणाऱ्यांचा. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा १० हजारांची शिष्यवृत्ती दिली. दोनेक वर्षांत ती थांबवावी, असे रिक्षाचालक असलेल्या त्याच्या वडिलांनीच कळवले. आयपीएलच्या संघात तो पोहोचला नाही.

त्याच कल्याणचा तुषार देशपांडे. त्याच्या नावावर असा कोणताही चमत्कारी आकडा नाही. दिल्लीने त्याला २० लाखांत घेतले, २०२० च्या हंगामात पाच सामने दिले. पुढच्या वर्षी तो चेन्नईच्या सरावात नेट बोलर होता. २०२२ मध्ये चेन्नईनेच पुन्हा २० लाखांत घेतले, तेव्हाही दोनच सामने मिळाले. २०२३ मध्ये त्याने २१ बळी घेतले, तेही षटकामागे जवळपास दहा धावा देत. केवळ इकॉनॉमी पाहणाऱ्याने त्याला केव्हाच खोडला असता. जुलै २०२४ मध्ये तो भारताकडून खेळला आणि जेद्दात राजस्थानने त्याला साडेसहा कोटींना घेतले. लहानपणी शिवाजी पार्कवरच्या निवड चाचणीत फलंदाजांची रांग लांब होती म्हणून आपण गोलंदाजांच्या रांगेत उभे राहिलो, असा किस्सा त्याने स्वतः सांगितला आहे. साडेसहा कोटींच्या किमतीत त्या आखूड रांगेचाही वाटा आहे.

कल्याणच्या पुढे काय?

कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. मुंबई क्रिकेट असोसिएशनचे कार्यक्षेत्र मध्य रेल्वेवर बदलापूरपर्यंत आहे. रायगड जिल्ह्यातले नेरळ-कर्जत पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे मोडते. म्हणजे बदलापूरचा मुलगा देशातल्या सर्वांत गजबजलेल्या रांगेच्या अगदी शेवटच्या टोकाला उभा असतो. त्याचे महत्त्वाचे सामने आझाद मैदान, माटुंगा, शिवाजी पार्क, वांद्रे-कुर्ला संकुल इथे. सीएसएमटी ६८ किलोमीटरवर. किट बॅग घेऊन सकाळच्या गर्दीत अंबरनाथला डब्यात शिरणे हीच एक निवड चाचणी आहे. आणि त्यात नापास होणाऱ्यांची नोंद कुठेही होत नाही.

मॉडेल इथे थांबते. त्याला खायला आकडे लागतात : वयोगटातले सामने, सय्यद मुश्ताक अली स्पर्धा, टीव्हीवर दिसणाऱ्या राज्यस्तरीय लीग. स्थानिक टेनिस क्रिकेटचे धावफलक हल्ली क्रिकहिरोजसारख्या अ‍ॅपवर असतात, ही चांगली गोष्ट आहे. पण समोरचा गोलंदाज कोण, खेळपट्टी मॅटिंगची की सिमेंटची, सीमारेषा किती जवळ, हे त्यात नीट कळत नाही. पुन्हा तोच १,००९ चा पेच. बदलापूरच्या मुलाबद्दल मॉडेल 'नाही' म्हणते, तेव्हा त्याचा अर्थ 'त्याच्यात गुण नाहीत' असा नसतो. 'माझ्याकडे त्याची माहिती नाही' एवढाच असतो. आणि 'आयपीएल मटेरियल' असे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडेही तीच माहिती नसते. फरक इतकाच की तो त्याचे पैसे घेतो.

हे बदलू शकते, याचे उदाहरण केरळात आहे. विघ्नेश पुथूर हा मनगटी फिरकी टाकणारा मुलगा केरळच्या मुख्य संघातून एकही सामना खेळलेला नव्हता. २०२४ मध्ये सुरू झालेल्या केरळ क्रिकेट लीगमध्ये तो दिसला, मुंबई इंडियन्सने ३० लाखांत घेतला आणि मार्च २०२५ मध्ये चेन्नईविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्याने तीन बळी घेतले. (तोही रिक्षाचालकाचाच मुलगा.) त्याची गुणवत्ता एका हंगामात वाढली नव्हती, ती दिसण्याची जागा तयार झाली होती. आपल्याकडे टी-२० मुंबई लीग २०१९ नंतर थेट २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या सहा वर्षांत जी मुले अठराची चोवीस झाली, त्यांचे आकडे आता कोण तयार करणार?

टेनिस चेंडूवाल्यांसाठी मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल सुरू झाली. दहा षटकांची लीग, तिथेही लिलाव. आपल्या पट्ट्यातल्या रात्रीच्या स्पर्धांमध्ये नाव कमावलेल्यांना ती जवळची वाटते. पण टेनिसमधला सिक्सर किंग लेदर चेंडूवर किती चालेल, हा अंदाज त्याहून कच्चा. कबड्डीत मात्र जिल्हा आणि राज्य निवड स्पर्धांची साखळी जुनी आहे, त्यामुळे अंबरनाथचा चढाईपटू प्रो कबड्डीच्या शोधकांच्या नजरेत येण्याची वाट तरी ठाऊक आहे.

पालकांनी विचारायचे काय?

'माझ्या मुलाची निवड होईल का' हा प्रश्न विचारूच नका. त्याचे उत्तर कोणाकडेही नाही आणि जो हमी देतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. पैसे घेऊन संघात जागा मिळवून देण्याचे आश्वासन हा थेट पोलिसांकडे जाण्याचा विषय आहे. त्याऐवजी हे विचारा : या वर्षी तो लेदर चेंडूवर किती सामने खेळेल? त्यातले मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या मान्यताप्राप्त स्पर्धांमधले किती? गेल्या तीन वर्षांत या अकादमीतून १४ आणि १६ वर्षांखालील निवड चाचणीला किती मुले गेली आणि पुढच्या फेरीत किती राहिली? नेटमधले तास मोजून फी घेणाऱ्या अकादमीने ही उत्तरे लेखी द्यायला काय हरकत आहे?

आणि एक प्रश्न तिन्ही शहरांच्या पालिकांना. उल्हासनगरची महापालिका आहे, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरच्या नगरपरिषदा आहेत. निवडणुकीत प्रत्येक वचननाम्यात क्रीडासंकुल असते. एक टर्फची खेळपट्टी, पावसाळा सोडून आठ महिने चालणारी वयोगटातली स्पर्धा आणि प्रत्येक सामन्याला एक प्रशिक्षित स्कोअरर, एवढ्याचा खर्च एखाद्या प्रवेशद्वाराच्या कमानीपेक्षा फार जास्त नसावा. अशी स्पर्धा असोसिएशनच्या मान्यतेने झाली, तर निवड समितीचा एखादा सदस्य उलट्या दिशेची लोकल पकडून बदलापूरला येऊ शकतो. सकाळी तिकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागाही मिळते.