क्षमेआधीचा हिशेब

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात वाचला, तर तो कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. रात्रभर जाळी टाकून हाती काही न लागलेले सात जण, पहाटे किनाऱ्यावरून आलेली हाक आणि मग १५३ मोठे मासे. एवढे ओझे येऊनही जाळे फाटले नाही, अशी नोंद योहान मुद्दाम करतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत धक्क्यावर बसून जाळी दुरुस्त करणाऱ्याला या नोंदीचे मोल पंडितांपेक्षा जास्त कळेल. किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासळी भाजत असते. न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला तीन वेळा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का. पेत्राने त्याला तीनदाच नाकारले होते, आणि त्या रात्रीही तो कोळशाच्या शेकोटीपाशी शेकत उभा होता. तिसऱ्या प्रश्नाला पेत्र दुखावतो. तरी प्रश्न मागे घेतला जात नाही. त्याला मेंढरे पुन्हा सोपवली जातात, पण एकेका नकाराला उत्तर देऊन झाल्यावर.

दिवाळी अंकाची सुरुवात या प्रसंगाने करण्याचे कारण नागपुरात आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि युनायटेड चर्च अशा सहा परंपरा एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्मले. बाप्तिस्मा कसा द्यावा, बिशप असावा की नसावा, यावरून शतकानुशतके वेगळे राहिलेले लोक एका मेजाभोवती बसले. त्याआधी अर्धशतकाहून थोडे अधिक, १९१७ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. नागपूरच्या ऐक्यामागे अशी कितीतरी माणसांची तळमळ आहे.

त्याच नागपूरच्या विमानतळावर १२ सप्टेंबर २०२२ रोजी या चर्चचे मॉडरेटर म्हणजे प्रमुख, जबलपूरचे बिशप पी. सी. सिंग, जर्मनीहून परतताच पोलिसांच्या ताब्यात गेले. चार दिवस आधी त्यांच्या घरावर मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने छापा घातला होता. सुमारे १ कोटी ६५ लाखांची रोकड आणि परकीय चलन सापडल्याचे तपास यंत्रणेने सांगितले. शाळांच्या फीचे पैसे भलतीकडे वळवल्याचा आरोप होता. मॉडरेटरपद त्यांच्याकडून गेले. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा आहे, आमचा नाही. आमचा प्रश्न बाकावर बसणाऱ्या माणसाचा आहे. ज्याच्या हाताखाली आपले पाळक दीक्षित झाले, त्याच्यावर असे आरोप आले की त्या माणसाने काय करावे?

बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. काही जण चर्च सोडून दुसरी मंडळी काढतात. मग मालमत्तेसाठी कोर्टकचेऱ्या सुरू होतात. बाकीचे गप्प बसतात. महाराष्ट्रात ख्रिस्ती समाज २०११ च्या जनगणनेनुसार एक टक्क्याच्याही आत आहे. ‘बाहेर बोललात तर विरोधकांना आयते हत्यार मिळेल’, ही भीती खोटी नाही. पण या भीतीला क्षमेचे नाव दिले जाते, तेव्हा मला राग येतो. ज्या पालकाने पोटाला चिमटा काढून फी भरली, त्याच्या वतीने समितीने परस्पर क्षमा कशी करायची? आणि जिथे पैशाऐवजी एखाद्या मुलाचा किंवा बाईचा देह ओरबाडला गेला असेल, तिथे तर त्या जखमी माणसाखेरीज कुणालाच तो अधिकार नाही. तिथे मंडळीचे पहिले काम पोलिसात तक्रार देणे आणि त्या कुटुंबापाशी उभे राहणे.

हा पेच जुना आहे. डायोक्लेशनच्या छळात, ३०३ नंतर, उत्तर आफ्रिकेतल्या काही धर्मगुरूंनी जीव वाचवण्यासाठी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले. छळ संपल्यावर तिथलेच डोनाटिस्ट पंथाचे ख्रिस्ती म्हणू लागले की अशा हातांनी दिलेली दीक्षा बाटली. ३१४ च्या आर्लच्या परिषदेने ते मानले नाही. पुढे हिप्पोचा बिशप ऑगस्टिन आयुष्यभर हेच मांडत राहिला की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो टिकून नाही. योहानाच्या न फाटलेल्या जाळ्यावरही त्याने प्रवचन केले आहे. मला त्याचे म्हणणे पटते. तुमच्या मुलाला ज्याने बाप्तिस्मा दिला तो उद्या तुरुंगात गेला, तरी मुलाचा बाप्तिस्मा मोडत नाही. मंडळी त्याच्या मालकीची कधी नव्हतीच. मात्र त्याच ऑगस्टिनने पुढे बादशाही कायद्याच्या धाकाने डोनाटिस्टांना परत आणायला संमती दिली, ती मला पटत नाही. दडपून टिकवलेल्या ऐक्यात दुखावलेला माणूस एकटाच राहतो.

म्हणून जक्कयाकडे पाहावे. लूकने सांगितलेला हा जकातदार येशू घरी येताच उभा राहून बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत. तारण घरात आल्याची घोषणा त्यानंतर होते. पदावरून पायउतार होणे, पैसे परत करणे, ज्याचे बिघडवले त्याच्यासमोर उभे राहणे, यातले काहीच न करता कुणी प्रार्थनासभेत डोळे पुसले, तर मंडळीने त्याच्यासाठी प्रार्थना जरूर करावी. चाव्या मात्र परत देऊ नयेत. पश्चात्ताप खरा असेल, तर त्याला मेजाशी जागा द्यावी. त्याच्या बायकामुलांशी तर एक दिवसही बोलणे तोडू नये. त्यांनी काही केलेले नसते.

२९ नोव्हेंबरला दरवर्षी ऐक्याच्या उपासना होतात. त्या दिवशी प्रत्येक मंडळीत शाळेचे, जमिनीचे, दानपेटीचे तपासलेले हिशेब उपासनेतच, सगळ्यांसमोर, मराठीत वाचावेत आणि मागच्या बाकावरच्या म्हातारीनेही प्रश्न विचारावा, अशी आमची विनंती आहे. यंदाचा २९ नोव्हेंबर दिवाळीनंतर काही आठवड्यांतच येतो आहे; तयारीला आजच लागता येईल.