रस्ता मोकळा झाला म्हणजे सफाई संपली नाही

प्रति,
मा. नगराध्यक्ष आणि मा. मुख्याधिकारी,
अलिबाग, मुरूड-जंजिरा व श्रीवर्धन नगरपरिषद



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने काही तासांत नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. टाळेबंदीचे दिवस होते, फोन बंद होते, वीज नव्हती. तशात तुमचे सफाई कामगार, एनडीआरएफचे जवान, महावितरणचे कर्मचारी आणि गावोगावची तरुण मुले यांनी आडवी झालेली झाडे तोडून रस्ते मोकळे केले. त्यांचे हे ऋण किनारा विसरलेला नाही.

हे पत्र त्यानंतरच्या कामाविषयी आहे. डांबरी रस्ता वाहता झाला की वादळानंतरची सफाई संपली, असे आपल्याकडे धरले जाते. कुंपणाच्या आत पडलेले झाड ज्याचे त्याने काढायचे. ही वाटणी कागदावर बरोबर दिसते, पण नारळ-सुपारीच्या मुलखात ती साऱ्या गावाला महाग पडते.

कारण साधे आहे. वादळ गेले आणि आठवडा-दीड आठवड्यात मोसमी पाऊस आला. वाडीत एकावर एक पडलेली खोडे भिजली, कुजू लागली. कुजलेल्या माडाचे खोड कोयत्याने फोडून पाहा. आतल्या भुशात बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या वेटोळे करून पडलेल्या दिसतील. ही गेंड्या भुंग्याची पैदास. काही महिन्यांत त्यांचे भुंगे होतात आणि वादळातून वाचलेल्या, नव्याने लावलेल्या माडांच्या शेंड्यात शिरून न उमललेला कोंब कुरतडतात. पुढे झावळी उमलते ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी. सोंड्या भुंगा त्याहून वाईट. वाऱ्याने जखमी झालेल्या माडात तो अंडी घालतो, अळी आतून गाभा पोखरते आणि बाहेरून कळते तेव्हा माड हातचा गेलेला असतो.

भुंग्याला सात-बारा कळत नाही. एका वाडीतले न उचललेले खोड शेजारच्या चार वाड्यांना भोवते. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने रस्ते स्वच्छ ठेवण्याबरोबर सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचे कामही तुमच्यावर सोपवले आहे. हा उपद्रव सार्वजनिकच आहे.

बागायतदाराने स्वतः का नाही उचलायचे, असे विचारले जाते. निसर्गनंतर शासनाने आधी हेक्टरी पन्नास हजार आणि पुढे सुपारीच्या झाडामागे ५० व नारळामागे २५० रुपये अशी मदत ठरवली. तेवढ्यात पडलेल्या माडाचे तुकडे करून ते वाडीबाहेर काढण्याची मजुरी भागणे कठीण. आगरांतल्या वाटा चिंचोळ्या, तिथे ट्रॅक्टर जात नाही. घरात म्हातारी माणसे, मुले मुंबई-पुण्याला. नवीन पोफळ वा माड धरायला सहा-सात वर्षे लागतात, तोवर उत्पन्न नाही. अशा घराने कटर आणि माणसे कुठून आणायची?

म्हणून तुमच्याकडे काही ठोस मागण्या आहेत.

दरवर्षी मे महिन्याच्या आत चालू स्थितीतले कटर, त्यांच्या जादा साखळ्या, इंधन आणि ते चालवणारी शिकलेली माणसे तयार ठेवा. माडाच्या चिवट खोडात साखळी लवकर बोथट होते, हे कामगारांना विचारून घ्या.

रस्ते मोकळे झाल्यावर पाखाडीवार पाळी लावून वाड्यांतली खोडे उचला. पंचनामा आणि फोटो झाल्याशिवाय तुकडा हलवू नका, नाहीतर गरिबाची भरपाई बुडेल.

झावळ्या आणि खोडांचा भुसा करणारे यंत्र तिन्ही नगरपरिषदांनी मिळून घ्या. भुशाच्या ढिगातही गेंड्या भुंगा अंडी घालतो, म्हणून त्यावर अळ्या मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची मात्रा द्या. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि श्रीवर्धनचे सुपारी संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या.

फुटलेले सिमेंटचे पत्रे झावळ्यांच्या ढिगात टाकू नका. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसात बसते. ते ओले करून, न फोडता, वेगळे उचला आणि कामगारांना मास्क द्या.

वाड्यांतल्या विहिरींत पडलेला पाला उपसून टीसीएल पावडर टाकण्याचे काम रस्त्यांच्या बरोबरीने सुरू करा. नळ बंद पडतात तेव्हा गाव याच विहिरींवर जगते.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आले, त्यानंतर निसर्गला साडेदहा वर्षे लागली. निसर्गनंतर तौक्तेला वर्षही लागले नाही, मे २०२१ मध्ये ते याच किनाऱ्याला झोडपून गेले. दोन वादळांमधली सवड आता कमी होत चालली आहे, हे गृहीत धरूनच कारभार करावा लागेल. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने स्थानिक संस्थांवर मदतीबरोबर पुनर्वसनाचीही जबाबदारी टाकली आहे. वाडी पुन्हा उभी राहणे हेच इथले पुनर्वसन.

येत्या अर्थसंकल्पात वाडी-सफाईसाठी स्वतंत्र तरतूद करा आणि तिचा आराखडा पावसाळ्याआधी सभेत लोकांसमोर ठेवा. श्रमदानाला आम्ही बागायतदार तयार आहोत. पुढाकार तुम्ही घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
किनाऱ्यावरचा एक बागायतदार