जर्मन नंबरप्लेटवरची संशयी अक्षरे

जर्मनीतील मोटारींच्या नंबरप्लेटवरची अक्षरे बेढब दिसतात, आणि त्यांचे बेढबपण हेतुपुरस्सर आहे. जाड, सॅन्स-सेरिफ घाटाच्या या वळणाला 'एफई-श्रिफ्ट' म्हणतात, म्हणजेच फेरफार अवघड करणारी लिपी. सुलेखनकार कार्लगेऑर्ग होफर यांनी ती १९७८ ते १९८० या काळात घडविली.

जुन्या 'डीआयएन १४५१' वळणात काळ्या रंगाचा एक फटकारा किंवा चिकटपट्टीचा तुकडा पुरत असे. 'पी'चा 'आर' होई, 'एफ'चा 'ई', तीनचा आठ. होफर यांनी एकमेकांसारख्या अक्षरांचे सांगाडेच वेगळे केले. 'पी'ला पाय जोडला तरी त्याचा 'आर' होत नाही. सर्व अक्षरांची रुंदी एकच. आकडे किंचित अरुंद, पण आपसांत समान.

या लिपीचे श्रेय सहसा रेड आर्मी फॅक्शनच्या दहशतीला दिले जाते. काळ तोच होता, हे खरे. १९७७ मध्ये उद्योगपती हान्स मार्टिन श्लायर यांचे अपहरण व हत्या झाली होती. परंतु त्या संघटनेची गाजलेली युक्ती रंगकामाची नव्हतीच. चोरलेल्या गाडीसारखीच दुसरी गाडी हेरायची आणि तिच्या खऱ्या क्रमांकाची पाटी चोरीच्या गाडीला लावायची, अशी ती रीत. अशा पाटीवर एकही अक्षर बदललेले नसते. मग अक्षराचे वळण कितीही चतुर असो, ते पकडणार काय? एफई-श्रिफ्ट हा भुरट्या लबाडीवरचा उत्तम उपाय होता, दहशतवादावरचा नव्हे.

नव्या पाट्यांवर ती सक्तीची झाली २००० च्या नोव्हेंबरात. रेड आर्मी फॅक्शनने स्वतःचे विसर्जन १९९८ मध्येच जाहीर केले होते.